कर्नलची हद्द कुठून सुरू होते?

लातूर, नांदेड, परभणीकडं जुने कॉम्प्युटर अजून भरपूर चालतात. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी बदललेली मशीन इकडं येतात, शाळांत, अभ्यासिकांत, ई-सेवा केंद्रांत बसतात आणि पुढं कित्येक वर्षं काम देतात. अशा मशीनवर लिनक्स टाकून बघणारी पोरं ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय शिकायला लागली की एक प्रश्न हमखास येतो: "सर, चार जीबी रॅममधली एक जीबी कर्नल स्वतःसाठी राखून ठेवतो म्हणं. मग सेटिंगमधून ती अर्धी करू की! प्रोग्रामला तेवढीच जास्त मिळंल."

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रोग्रामना रॅम, डिस्क, नेटवर्क वाटून देणारा भाग. प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे, आणि तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत अनेकांच्या डोक्यात तसाच राहतो. ती एक जीबी रॅमची नसते, पत्त्यांची असते. एवढं नीट कळलं तर कर्नलच्या त्या सेटिंगला हात कधी लावायचा आणि कधी नाही, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून जरा मुळापासून बघू.

प्रोसेसरला एखाद्या बाइटपर्यंत पोचायचं तर त्या बाइटचा पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणजे नुसती एक संख्या. ३२-बिट पद्धतीत ही संख्या शून्य आणि एक अशा ३२ अंकांनी लिहिलेली असते. अशा एकूण ४,२९,४९,६७,२९६ संख्या होतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. इंटेलचा ८०३८६ प्रोसेसर १९८५ साली आला तेव्हा घरच्या कॉम्प्युटरची रॅम फार तर काही एमबी असायची. चार जीबीचे पत्ते तेव्हा कधीही न संपणारे वाटले असतील.

आता खरी गोष्ट. प्रोग्राम जो पत्ता वापरतो तो रॅममधल्या जागेचा खरा पत्ता नसतोच. तो आभासी पत्ता असतो. शेतजमिनीचे गट नंबर डोळ्यांसमोर आणा. गट नंबर ४२ औसा तालुक्यातल्या गावातही असतो आणि सेलू तालुक्यातल्या गावातही. नंबर एकच, जमीन वेगळी. कोणत्या गावचा ४२ हे सांगितल्याशिवाय जमीन सापडत नाही, कारण नंबर आणि जमीन यांची जोडणी त्या त्या गावच्या दप्तरात असते. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम म्हणजे असं एक गाव, आणि त्याचं दप्तर म्हणजे पेज टेबल. ब्राउझरमधला एक पत्ता आणि टॅलीमधला तोच पत्ता रॅमच्या दोन वेगळ्या जागांकडं जातात, त्यामुळं एकाला दुसऱ्याचा डेटा दिसत नाही. आता असं समजा की प्रत्येक गावच्या दप्तरात शेवटचे पाव हिस्सा नंबर राखीव आहेत, आणि सगळ्या गावांत ते एकाच सरकारी जमिनीकडं जातात. गावकऱ्याला तिथं पाय ठेवायची परवानगी नाही. हे राखीव नंबर म्हणजे कर्नलचा हिस्सा. नंबर राखीव ठेवले म्हणून जमीन अडकून पडत नाही. दप्तरात नंबर मोकळाही राहू शकतो.

ही जोडणी बाइटबाइटची नसते, ४०९६ बाइटच्या तुकड्यांची असते. या तुकड्याला पेज म्हणतात. चार जीबीत अशी १०,४८,५७६ पेजं बसतात. पत्ता आला की प्रोसेसरमधला एमएमयू नावाचा भाग पेज टेबल बघतो आणि खरी जागा काढतो. काढलेलं उत्तर टीएलबी या छोट्या, वेगवान साठ्यात ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी टेबल पुन्हा धुंडाळावं लागत नाही. टीएलबी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

प्रोग्रामच्या नकाशात कर्नल कशाला?

कर्नलसाठी वेगळं पेज टेबल करून प्रोग्रामला पूर्ण चार जीबीचे पत्ते का देऊ नयेत? देता येतात. पण प्रोग्राम सतत कर्नलला हाक मारत असतो. फाइल उघड, नेटवर्कवर चार बाइट पाठव, वेळ सांग. यातल्या प्रत्येक हाकेला सिस्टिम कॉल म्हणतात, आणि व्यस्त सर्व्हरवर ते सेकंदाला लाखांच्या घरात जाऊ शकतात. प्रत्येक वेळी पेज टेबल बदलायचं तर जुन्या प्रोसेसरवर टीएलबी पुसावा लागे आणि सगळी उत्तरं नव्यानं शोधावी लागत. त्यापेक्षा कर्नल प्रत्येक प्रोग्रामच्या नकाशातच, वरच्या टोकाला बसवून ठेवला. त्या पेजांवर एक बिट असतो, तो सांगतो की हे पान फक्त कर्नलच्या अधिकारात उघडेल. प्रोग्रामनं तिथं हात घातला की प्रोसेसर लगेच अडवतो आणि सहसा तो प्रोग्राम बंद पडतो.

म्हणजे रेघ कुठंतरी ओढणं आलं. ३२-बिट लिनक्सनं ती तीनास एक अशी ओढली: खालचे ३ जीबी पत्ते प्रोग्रामला, वरचा १ जीबी कर्नलला. ज्या पत्त्यावर कर्नलची हद्द सुरू होते तो हेक्साडेसिमल, म्हणजे सोळा चिन्हांच्या पद्धतीत लिहिला तर आधी सी आणि पुढं सात शून्यं. ३२-बिट विंडोजनं निम्मे-निम्मे केले, दोनास दोन. दोन्ही बाजूंनी काय जातं आणि काय मिळतं, ते मात्र सारखं नाही.

प्रोग्रामच्या बाजूनं हिशोब सोपा आहे. ३ जीबी ही एका प्रोग्रामची कमाल मर्यादा. मशीनमध्ये ८ जीबी रॅम असली तरी एकट्या ३२-बिट प्रोग्रामला एका वेळी तीनच्या वर पत्ते मिळणार नाहीत. दहा प्रोग्राम चालू असतील तर प्रत्येकाला स्वतःचे वेगळे तीन. शिवाय प्रोग्रामचा कोड, लायब्ररी, स्टॅक हे सगळं मध्येमध्ये बसलेलं असतं, म्हणून एकसलग मोकळी जागा त्याहून बरीच कमी निघते. डेटाबेस आणि जावावर चालणाऱ्या मोठ्या प्रोग्रामना याचाच त्रास होतो.

कर्नलच्या बाजूची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटतं शिकवताना सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यायला हवा.

८९६ एमबीचं कोडं

लिनक्स कर्नलला रॅमशी वागण्याची एक सोपी रीत आवडते: रॅमचा पहिला बाइट आपल्या हद्दीच्या पहिल्या पत्त्यावर, दुसरा दुसऱ्यावर, असं सरळ ओळीनं सगळं जोडून टाकायचं. मग खऱ्या पत्त्यावरून आभासी पत्ता काढायला एक ठरावीक संख्या मिळवली की झालं, शोधाशोध नाही. पण हद्द आहे १ जीबीची, म्हणजे १०२४ एमबी. त्यातले १२८ एमबी पत्ते कर्नल तात्पुरत्या आणि खास जोडण्यांसाठी बाजूला ठेवतो. उरले ८९६. म्हणून ३२-बिट एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या पीसी प्रोसेसरची जात) लिनक्समध्ये कर्नल पहिल्या ८९६ एमबी रॅमलाच थेट हात लावू शकतो. या भागाला लो मेमरी म्हणतात, त्यावरच्या रॅमला हाय मेमरी. ३२-बिट एआरएम (मोबाइलमध्ये असते ती प्रोसेसरची जात) बोर्डावर नेहमीच्या सेटिंगला हा आकडा आणखी खाली, ७६० एमबीच्या आसपास असतो.

हाय मेमरी वाया जात नाही. प्रोग्रामचा डेटा तिथं खुशाल राहतो, कारण प्रोग्राम आपल्या पेज टेबलातून तिथपर्यंत पोचतो. फाइलींची कॅशे, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून रॅममध्ये ठेवलेल्या प्रती, त्याही तिथं राहतात. कर्नलला स्वतःला तिथलं पान बघायचं असेल तर आधी ते तात्पुरतं आपल्या हद्दीत जोडावं लागतं आणि काम झालं की सोडावं लागतं. थोडा वेळ जातो, एवढंच.

अडचण वेगळीच आहे. कर्नलच्या स्वतःच्या नोंदी लो मेमरीतच राहाव्या लागतात. उघडलेल्या फाइलींची माहिती, फोल्डरांची नावं, नेटवर्कचे बफर, प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे चालू प्रोग्रामची नोंद, सगळं त्या ८९६ एमबीत. त्यात रॅमच्या प्रत्येक पेजसाठीही कर्नल एक छोटी नोंद ठेवतो, साधारण ३२ बाइटची. ४ जीबी रॅमला या नोंदी ३२ एमबी होतात, काही वाटत नाही. १६ जीबीला १२८ एमबी. ६४ जीबीला ५१२ एमबी, म्हणजे लो मेमरीचा निम्म्याहून जास्त भाग रॅमचा हिशोब ठेवण्यातच गेला. ३२-बिट मशीनला ६४ जीबी कशी, असं वाटेल. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून पीएई नावाची सोय आली, तिच्यामुळं खरे पत्ते ३६ बिटचे झाले आणि एवढी रॅम बसवता येऊ लागली. प्रोग्रामचे आभासी पत्ते मात्र ३२ बिटचेच राहिले.

यातून दिसणारा बिघाड भल्याभल्यांना चकवतो. मशीनमध्ये कित्येक जीबी रॅम मोकळी दिसते, तरी मेमरी संपली म्हणत कर्नल प्रोग्राम मारायला लागतो. रॅम खराब आहे असं समजून लोक पट्ट्या बदलतात. प्रत्यक्षात हाय मेमरी मोकळी असते आणि लो मेमरी संपलेली असते. हे तपासायला प्रॉक फोल्डरमधली मेमइन्फो फाइल उघडा. ३२-बिट कर्नलमध्ये हाय मेमरी चालू असेल तर लो आणि हाय मेमरीचे एकूण आणि मोकळे आकडे तिथं वेगवेगळे दिसतात. लो मेमरीचा मोकळा आकडा तळाला गेलेला दिसला की निदान झालं.

रेघ सरकवायची कशी

लिनक्समध्ये ही रेघ कर्नल तयार करतानाच ठरते. चालू मशीनवर बदलता येत नाही, बूटच्या वेळी एखादा शब्द देऊनही नाही. कर्नलचा सोर्स घ्यायचा, मेक मेन्यूकॉन्फिग या कमांडनं सेटिंगचा मेन्यू उघडायचा, प्रोसेसरच्या विभागात मेमरी स्प्लिट शोधायचं. एक्स८६ वर ते सहज दिसत नाही. आधी एक्स्पर्ट पर्याय चालू करावा लागतो. लपवून ठेवण्यामागं कारण आहे, ते शेवटी येईल.

तिथं पाच पर्याय आहेत. पहिला नेहमीचा, तीनास एक. दुसरा मला सगळ्यात समजूतदार वाटतो, आणि तो खास १ जीबी रॅमच्या मशीनसाठी आहे. अशा मशीनवर ८९६ एमबी लो मेमरी होते आणि शेवटच्या १२८ एमबीसाठी हाय मेमरीची सगळी यंत्रणा चालवावी लागते. या पर्यायानं रेघ पाव जीबी खाली येते: प्रोग्रामला पावणेतीन, कर्नलला सव्वा. पूर्ण १ जीबी रॅम कर्नलच्या थेट हाताखाली येते आणि हाय मेमरी बंदच करता येते. प्रोग्रामचं फारसं काही जात नाही, कारण १ जीबी रॅमच्या मशीनवर पावणेतीन जीबी पत्ते वापरणारा प्रोग्राम तसाही धापा टाकेल. तिसरा पर्याय दोनास दोन. चौथा त्याचाच थोडा खाली सरकवलेला भाऊ, पूर्ण २ जीबी रॅम लो मेमरीत बसावी म्हणून. पाचवा उलटा, प्रोग्रामला एक आणि कर्नलला तीन. फाइली वाटणारा किंवा राउटरसारखं काम करणारा, म्हणजे जवळजवळ सगळं काम कर्नलमध्येच होणारा कॉम्प्युटर असेल तर त्याचा विचार करता येतो. घरच्या मशीनवर तो नकोच, ब्राउझर गुदमरेल.

पीएई चालू असेल तर दुसरा आणि चौथा पर्याय मिळत नाही. पीएईच्या पेज टेबलात सगळ्यात वरच्या पायरीला चारच नोंदी असतात, प्रत्येक १ जीबीची, म्हणून रेघ पूर्ण जीबीवरच ओढावी लागते.

विंडोजमध्ये कर्नल नव्यानं बांधायची गरज नसे. एक्सपीच्या काळात बूट डॉट आयएनआय फाइलीत थ्री-जीबी हा शब्द घातला की प्रोग्रामची बाजू दोनवरून तीन जीबी होई. व्हिस्टापासून तेच काम बीसीडीएडिट कमांडमधली इन्क्रीज-यूझर-व्हीए ही सेटिंग करते. पण प्रोग्राम बनवताना त्याच्यावर मोठे पत्ते चालतील अशी खूण केलेली नसेल, तर त्याला दोनच जीबी मिळतात. आणि कर्नलचे पत्ते निम्म्यावर आल्यामुळं ड्रायव्हरना (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्राम), विशेषतः ग्राफिक्सच्या, जागा कमी पडू शकते. नवा गेम चालावा म्हणून ही सेटिंग केली आणि स्क्रीनच बिघडली, याचं कारण बरेचदा हेच असतं.

इथं आणखी एक घोळ सोडवू. "चार जीबी रॅम टाकली, विंडोज सव्वातीनच दाखवतं" ही तक्रार आणि वरची रेघ यांचा संबंध नाही. रेघ आभासी पत्त्यांची आहे. ही तूट खऱ्या पत्त्यांतली आहे. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड यांच्याशी बोलण्यासाठीही प्रोसेसर पत्तेच वापरतो, आणि ते चार जीबीच्या आतले वरचे पत्ते असतात. तेवढी रॅम झाकली जाते. चिपसेटला, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम आणि कार्डं जोडणाऱ्या चिपला, येत असेल तर तो झाकलेली रॅम चार जीबीच्या वरच्या पत्त्यावर हलवतो, पण घरगुती ३२-बिट विंडोज चारच्या वरचे खरे पत्ते मुद्दाम वापरत नाही, कारण अनेक ड्रायव्हर तिथं गडबडायचे. काही जुन्या चिपसेटमध्ये हलवायची सोयच नाही. तिथं ६४-बिट टाकूनही आकडा वाढत नाही. दुकानदारानं फसवलं असं समजण्याआधी हे तपासावं.

६४-बिटनं काय बदललं

२००३ साली एएमडीचा ऑप्टेरॉन प्रोसेसर आला आणि एक्स८६ मशीनला ६४-बिटची वाट मोकळी झाली. त्यात आभासी पत्त्याचे ४८ बिट वापरले जातात, म्हणजे २५६ टीबी. निम्मे प्रोग्रामला, निम्मे कर्नलला, प्रत्येकी १२८ टीबी. मशीनमधली सगळी रॅम कर्नलच्या हद्दीत सरळ ओळीनं बसते आणि वर अफाट जागा उरते. लो आणि हाय हा भेद संपला, ८९६ चं कोडं संपलं. म्हणून ६४-बिट लिनक्सच्या मेन्यूत मेमरी स्प्लिट हा पर्यायच नाही. ज्या पोरांचे लॅपटॉप नवे आहेत त्यांनी ती सेटिंग शोधत बसू नये.

रेघेची गोष्ट मात्र तिथं संपली नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाचा दोष जाहीर झाला. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये तो होता. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या सूचना आधीच करून बघतो, आणि त्या घाईत कर्नलच्या पानावरची मनाई थोडी उशिरा तपासली जायची. मनाई शेवटी लागू व्हायची, पण तेवढ्यात वाचलेल्या बाइटचा माग प्रोसेसरच्या कॅशेमध्ये राहायचा आणि वेळ मोजून तो ओळखता यायचा. कर्नल प्रोग्रामच्याच नकाशात बसवण्याची इतक्या वर्षांची सोय आता धोक्याची झाली. उपाय म्हणून लिनक्सनं पेज टेबलच वेगळी केली: प्रोग्राम चालू असताना कर्नलचा अगदी छोटा, आत शिरण्यापुरता भाग नकाशात, बाकी सगळा बाहेर. यालाच केपीटीआय म्हणतात.

मला यात एक विलक्षण गोष्ट दिसते. २००३ मध्ये लिनक्स कर्नलचे एक डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी ३२-बिट लिनक्ससाठी असाच एक बदल लिहिला होता: प्रोग्रामला पूर्ण चार जीबी, कर्नललाही स्वतंत्र चार जीबी, आणि प्रत्येक सिस्टिम कॉलला टेबल बदलायचं. रेड हॅट या लिनक्स कंपनीनं तो आपल्या ह्यूजमेम कर्नलमध्ये दिलाही. तेव्हा कारण होतं जागेची टंचाई. पंधरा वर्षांनी जागा अफाट असताना तीच कल्पना सुरक्षेसाठी परत आली. किंमतही तीच, सिस्टिम कॉल जास्त असतील तिथं वेग कमी होतो. नव्या प्रोसेसरमध्ये टीएलबीच्या उत्तरांवर कुणाचं उत्तर कोणतं याची खूण ठेवता येते, त्यामुळं सगळं पुसावं लागत नाही आणि फटका हलका होतो. वेगासाठी केपीटीआय बंद करायचे सल्ले फिरत असतात. जिथं लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे तपशील टाइप होतात त्या मशीनवर ते कधीही बंद करू नका.

मग आपल्या मशीनचं काय करायचं

आधी प्रोसेसर बघा. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू कमांड दिली की पहिल्या काही ओळींतच तो ६४-बिट चालतो का ते कळतं. इंटेलचे कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे डेस्कटॉप प्रोसेसर चालतात. तसं असेल तर रेघ सरकवत बसू नका, ६४-बिट सिस्टिम टाका. तिच्यात पॉइंटर, म्हणजे प्रोग्राममध्ये साठवलेले पत्ते, चारऐवजी आठ बाइटचे होतात, म्हणून प्रोग्राम थोडी जास्त रॅम खातात, हे खरं. २ जीबीच्या मशीनवर हलका डेस्कटॉप निवडला तर ते सोसतं. तसंही ३२-बिटचा आधार आटत चाललाय: विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये आहे, उबुंटूनं २०१७ मध्येच ३२-बिट डेस्कटॉपची इन्स्टॉल प्रत थांबवली आणि २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर उरलेला नाही.

खरोखर ३२-बिटच असलेलं मशीन किंवा बोर्ड हातात असेल, तर रॅम बघा. ठिबकच्या मोटारी चालू-बंद करायचे प्रोजेक्ट आपल्याकडची पोरं ज्या छोट्या बोर्डांवर करतात, त्यांत ५१२ एमबी असेल तर सगळी रॅम लो मेमरीतच बसते आणि काहीही बदलायची गरज नाही. बरोबर १ जीबी असेल तर एक्स८६ वर तो पावणेतीन-सव्वाचा पर्याय करून बघण्यासारखा आहे. २ जीबी आणि त्यावर काम फाइल सर्व्हरचं असेल, तर मेमइन्फोमधला लो मेमरीचा आकडा आठवडाभर बघा आणि तो खरंच तळाला जात असेल तरच दोनास दोनकडं वळा.

आणि पर्याय लपवून ठेवण्याचं कारण. रेघ हलवली की सोर्स न देता तयार स्वरूपात मिळालेले ड्रायव्हर त्या कर्नलवर बहुधा चालत नाहीत, कारण ते जुनी हद्द गृहीत धरून बांधलेले असतात. प्रोग्रामला तीन जीबी मिळणारच असं धरून चालणारी काही सॉफ्टवेअरही अडतात. म्हणून नवा कर्नल बसवताना जुना काढू नका. ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना कोणता कर्नल ते निवडायच्या यादीत दोन्ही राहू द्या, नव्यावर प्रिंटर, वायफाय, ग्राफिक्स सगळं चाललं की मगच तो कायमचा करा.